छबिलदाससारखी जागा आज का नाही? नवं काही घडायला नेमकं लागतं काय?

तिसरी_घंटा

दर दोन-चार महिन्यांनी इथे एक धागा निघतो: पूर्वी मराठी रंगभूमीवर काय एकेक माणसं होती, आता तशी राहिली नाहीत. खाली प्रतिसादांची रांग आणि त्यात बहुतेक हळहळच. मला त्या हळहळीत रस नाही. ती माणसं आकाशातून पडली नव्हती. ती ज्या जागेत घडली त्या जागेबद्दल बोलावं म्हणून हा धागा.

दादर पश्चिमेची छबिलदास शाळा. आज गल्लीचं नाव काढलं की लोकांना वडा आठवतो. १९७४ पासून पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'नं प्रायोगिक नाटकं चालवली. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सोबतची मंडळी 'रंगायन' या नाट्यसंस्थेतून बाहेर पडली आणि १९७१ साली ही संस्था उभी राहिली. हॉल शाळेचा, म्हणजे दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. खुर्च्या मांडणं, लाइट टांगणं, रात्री सगळं पुन्हा जागच्या जागी ठेवणं, सगळं नाटकवाल्यांनीच करायचं. आणि हॉल 'आविष्कार'नं फक्त स्वतःपुरता ठेवला नाही, ही माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. सत्यदेव दुबे तिथे नाटकं करायचे, अमोल पालेकर करायचे, ज्यांची नावं आज कुणालाच आठवणार नाहीत असे कितीतरी गट करायचे.

तिथे वाईट नाटकंही भरपूर झाली. हे कुणी सांगत नाही. मी कॉलेजात असताना शेवटची काही वर्षं पाहिली आहेत. एका नाटकात एक माणूस पूर्ण वेळ शिडीवर बसून होता आणि खाली चौघे आळीपाळीनं आकडे म्हणत होते. का, ते कळलं नाही. प्रयोग संपल्यावर खाली चहाच्या टपरीपाशी एका आजोबांनी दिग्दर्शकाला गाठलं. "नाटक राहू दे, शिडीचं काय ते आधी सांग." तो बिचारा हातवारे करत बराच वेळ समजावत होता, आजोबा मान हलवत नव्हते. काही महिन्यांनी त्याच मुलाचं पुढचं नाटक लागलं. आजोबा पुन्हा हजर, त्याच बाजूच्या खुर्चीत.

माझा सगळा मुद्दा त्या आजोबांमध्ये आहे. नाटक पडलं तरी कुणी कर्जात बुडत नव्हतं आणि बघणारा पुढच्या वेळी परत येत होता. या दोन गोष्टी एकाच ठिकाणी असतील तर माणूस तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला काहीतरी बरं करतो. पहिल्याच प्रयत्नाला करणारे अपवाद.

आता आजचा हिशोब. नाट्यगृहाचं भाडं, वर डिपॉझिट, लाइट-साउंड वेगळं, नेपथ्याचा टेम्पो, जाहिरात. नोकऱ्या करणारी दहा-बारा मुलं वर्गणी काढून एक प्रयोग लावतात आणि तो पडला की पुढच्या वर्षी एकमेकांचे फोन घेत नाहीत. मग सगळे सुरक्षित तेच करतात. दोन पात्रांची नाटकं इतकी का वाढली यावर मोठमोठे लेख येतात. मला तरी त्यामागे टेम्पोचं भाडं दिसतं.

पैसा, पुरस्कार, शिष्यवृत्त्या, सगळं असावं. पण स्वस्तात चुकता येईल अशी कायमची जागा नसेल तर त्याचा उपयोग मर्यादित. तुमच्या क्षेत्रात अशी जागा होती का? कशानं बंद पडली?

पेठेतला

लेख आवडला, पण पुण्याचा अनुभव उलटा आहे. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर. संस्था पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन. एकोणीस प्रयोग झाले आणि वाद पेटल्यावर संस्थेच्याच धुरिणांनी नाटक थांबवलं. तरुण मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली, १९७४ च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभं राहिलं आणि पुढे परदेशापर्यंत गेलं. त्याच वर्षी त्याच संस्थेनं 'महानिर्वाण' केलं. थांबवलं नसतं तर यातलं किती झालं असतं? पुणेकराला अडवा, तो दुसऱ्या दिवशी संस्था काढतो. अडवणूक ही सुद्धा सोयच म्हणायची.

तिसरी_घंटा

@पेठेतला, शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवतो. पण बघा, बंदी आली तेव्हा नाटक पूर्ण घडलेलं होतं. भास्कर चंदावरकरांचं संगीत बसलं होतं, माणसांचा तो झुलता पडदा बसला होता, आणि हे सगळं पीडीएच्याच छायेत, तिथल्याच तालमींमध्ये. अडवणुकीनं नाटक घडवलं नाही, घडलेलं नाटक तिच्यातून वाचलं. जी पहिल्या वाचनालाच थांबवली गेली त्यांची यादी कुणाकडे आहे? त्यांच्या मंडळींनी संस्था काढली नाही, ती एलआयसीत लागली.

ओपीडी_नंतर

एलआयसीला नावं ठेवू नका हो. उलट त्या पुणेरी कंपूतले पोटापाण्याचे धंदे बघा. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. 'महानिर्वाण'चे लेखक सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्रात, १९९६ पर्यंत. डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन, ते मात्र १९६९ साली सगळं सोडून पूर्णवेळ नट झाले. म्हणजे एक सोडला तर बाकीच्यांचा महिना नाटकावर चालत नव्हता. नाटक चाललं नाही तर सोमवारी ओपीडी होतीच. धागाकर्त्याच्या 'स्वस्तात चुकता येणं' यात हॉलच्या भाड्याइतकाच हा पगारही धरा.

आता उलट बाजू. मी स्वतः डॉक्टर, कॉलेजात एकांकिका केलेल्या. आजच्या रेसिडेंटला विचारा संध्याकाळी सात वाजता तो कुठे असतो. वॉर्डात. दुसऱ्या दिवशी सात वाजता? वॉर्डात. आयटीवाल्यांचे सातला अमेरिकेचे कॉल सुरू होतात. पगार आहे, संध्याकाळ नाही.

मीनल_प

ओपीडी_नंतर यांनी संध्याकाळ काढली ते बरं केलंत, कारण या धाग्यात अजून कुणी बाई बोललेली नाही.

तालीम सात ते दहा. जगातली सगळी हौशी नाटकं सात ते दहा बसतात. या तीन तासांत घरात काय असतं? पोळ्या, अभ्यास, सासूबाईंची औषधं, उद्याच्या डब्याची भाजी निवडणं. मी लग्नाआधी सलग नाटकं केली. मुलगी झाल्यावर तालमीला जाणं संपलं. आमच्या गटातल्या एका नटाला त्याच वर्षी मुलगा झाला, त्याची एकही तालीम चुकली नाही. पेढे घेऊन आला होता तालमीला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. तेव्हा काहीच खटकलं नव्हतं.

तेव्हा हॉल स्वस्त असून भागत नाही. कुणासाठी स्वस्त, ते विचारा. छबिलदासच्या फोटोंमध्ये सुलभाताई दिसतात, पण त्या आजही अपवाद म्हणूनच सांगितल्या जातात. त्यांनी मुलांसाठी 'चंद्रशाला' चालवली, 'दुर्गा झाली गौरी'त मुलांची फौजच्या फौज असायची, त्याचं मला फार अप्रूप वाटतं. नाटकाच्या जागेत मुलं हक्कानं असू शकतात हे तिथे दिसलं. सुषमा देशपांड्यांचं 'व्हय, मी सावित्रीबाई' घ्या. त्यांची कारणं त्यांना ठाऊक, पण एकटीनं उभं राहून शाळेत, अंगणात, कुठेही करता येणारं नाटक असल्यामुळे ते कुठल्या कुठे पोचलं. त्याला दहा जणांच्या मोकळ्या संध्याकाळी जुळवाव्या लागल्या नाहीत.

तिसरी_घंटा

@मीनल_प, सात ते दहाचा मुद्दा मी लेखात घ्यायलाच हवा होता. याला उत्तर नाही माझ्याकडे. वाचतोय.

वडसाकर

मुंबई-पुण्याच्या गोष्टी झाल्या असतील तर जरा इकडे पण या जी.

झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. इथे दिवाळी झाली की मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि त्यासोबत नाटक लागतं. रात्री दहाच्या आसपास सुरू, पहाट होईस्तोवर. आमच्या वडश्यात, म्हणजे देसाईगंजला, कंपन्यांच्या ऑफिसांचे बोर्ड लागलेले असतात. गावातलं मंडळ येतं, कंपनी ठरवतं, मंडप टाकतं, तिकीट लावतं. होळीपर्यंत नटाला उसंत नाही. २०१४ साली पटावर बंदी आली तेव्हा वाटलं नाटकंही जातील. नाही गेली. पट नाही तर दुसरं निमित्त, नाटक पाहिजे म्हणजे पाहिजे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तिकडच्या पेपरवाल्यांना झाडीपट्टी कुठे आहे ते शोधावं लागलं.

आता मुद्दा. तुम्ही म्हणता पडायची सोय पाहिजे. आमच्याकडे पडायची सोय अजिबात नाही. थंडीत चादरी पांघरून हजारावर माणूस बसतो, बायका लेकरं घेऊन. पहिल्या अंकात पकड नाही आली तर शिट्ट्या सुरू होतात, आणि पुढच्या साली ते गाव त्या कंपनीला बोलावत नाही. बाप्पा, कुणी चहा पाजून शिडीचा अर्थ विचारत नाही! तरी इथे नट तयार होतो. तो एका मोसमात इतक्या रात्री उभा राहतो तितक्या तुमचा प्रायोगिक नट दहा वर्षांत राहत नाही. कंपनीचा विनोदी नट मी विंगेतून पाहिला आहे. एक वाक्य लोकांनी उचललं नाही तर पुढच्याच एंट्रीला तेच वाक्य तो लोकांकडे पाठ करून उभा राहून म्हणतो, आणि मंडप हसतो. हे कुठल्या कार्यशाळेत शिकवतात?

पण खोटं नाही बोलणार. विषय तेच ते झाले आहेत. सावकार, जावई, दारू, दोन भाऊ, मधात लावणी. वेगळं लिहिणारे लेखक आहेत, पण निर्माता म्हणतो हे चालणार नाही, आणि तो चूकही नसतो, त्याच्यावर पंचवीस माणसांचा मोसम असतो. म्हणून तुमची जागा आमच्या लेखकाला पाहिजे आणि आमचा प्रेक्षक तुमच्या नटाला. अदलाबदली करता येते का पहा.

तिसरी_घंटा

हा या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. वेगळा लेख लिहाच, वडसाकर.

उंदीर_आणि_मेणबत्ती

मानसशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे थोडं प्रयोगशाळेतलं. एक जुनं कोडं आहे: मेणबत्ती, टाचण्यांची डबी, काडेपेटी. मेणबत्ती भिंतीवर अशी लावा की मेण टेबलावर सांडणार नाही. युक्ती अशी की टाचण्या ओतून डबी रिकामी करायची आणि तीच भिंतीला टोचून तिच्यावर मेणबत्ती ठेवायची. १९६२ साली ग्लक्सबर्ग यांनी एका गटाला लवकर सोडवल्यास पैसे देऊ सांगितलं. त्या गटाला जास्त वेळ लागला. डबी आधीच रिकामी ठेवली, म्हणजे उत्तर जवळजवळ समोर मांडलं, की मात्र पैशांमुळे वेग वाढतो. तेरेसा अमाबिले यांनी १९८५ मध्ये लिहिणाऱ्या लोकांवरच प्रयोग केला. काहींना आधी नाव, पैसा, शाबासकी अशी बाहेरची कारणं वाचायला दिली, मग कविता लिहायला सांगितली. त्यांच्या कविता परीक्षकांना फिक्या वाटल्या. फक्त कारणांची यादी वाचली होती हो, बक्षीस कुणी दिलंही नव्हतं.

यावरून करंडकांबद्दल, म्हणजे नाटकांच्या स्पर्धांबद्दल, काय म्हणायचं ते म्हणा. वाट ठाऊक असेल तिथे बक्षीस पळवतं, नवी वाट शोधायची तिथे नजर बांधतं, असं मला वाटतं. वडसाकरांच्या निर्मात्याचंही तेच झालंय.

आव्वाज_कुणाचा

करंडकांवर घसरणार हे ठाऊकच होतं. 'पुरुषोत्तम' ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून. 'शांतता! कोर्ट चालू आहे' 'रंगायन'नं १९६७ साली राज्य स्पर्धेसाठीच केलं. 'घाशीराम'ही स्पर्धेतलंच. तारीख ठरलेली असते म्हणून नाटक लिहून होतं, नाहीतर ते लेखकाच्या डोक्यातच म्हातारं झालं असतं. आमच्या कॉलेजात 'पुरुषोत्तम'ची तारीख नसती तर कुणी कुणाला भेटलंच नसतं.

हां, दोष आहेत. एका तासात बसवायचं म्हणून पन्नासाव्या मिनिटाला धक्का, मग ब्लॅकआउट, मग टाळ्या. पहिल्या वर्षाची मुलं मागच्या विजेत्याची नक्कल करतात. २०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, त्यावरून केवढा गदारोळ झाला. मला तो निर्णय आवडला होता. माझ्या ज्युनियर्सना अजिबात नाही. त्यातल्या एकीनं पुढच्या वर्षी जे केलं ते अंतिम फेरीलाही गेलं नाही, पण तिचं तिचं होतं. आता हे करंडक न दिल्यामुळे झालं की तिचं प्रेमप्रकरण मोडल्यामुळे, देव जाणे.

जुना_जेजे

धागाकर्त्याच्या मुद्द्याला एक जोड. छबिलदासच्या आधी मुंबईत वॉर्डन रोडला भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होतं. नाममात्र भाड्यात खोल्या. एका खोलीत गायतोंडे चित्र काढताहेत, दुसरीकडे रविशंकर शिकवताहेत, हुसेन येऊन-जाऊन, अल्काझींचं नाटक, विजया मेहतांचं 'रंगायन'. सगळं एका आवारात. स्वस्त जागा आजही एखादा बिल्डर मेहरबान झाला तर मिळेल. पण शेजारच्या खोलीतून सतार ऐकू येणं, जिन्यात वेगळ्याच कामातला आणि तुमच्याहून चांगला माणूस रोज भेटणं, हे भाड्यानं मिळत नाही.

आणि लगेच उलटं उदाहरणही देतो. तेच गायतोंडे पुढे दिल्लीला गेले, लोकांत मिसळणं जवळजवळ बंद केलं, वर्षाला मोजकी पाच-सहा चित्रं. शेजारांची गरज एका वयापर्यंत असावी बहुतेक. त्या वयानंतर दार लावून घेता आलं पाहिजे. नाटकवाल्यांना ते कधीच जमत नाही, त्यांना बारा माणसं लागतात. माझी सहानुभूती.

सडेतोड

एवढा काथ्याकूट कशाला? ज्याच्यात आहे तो चुलीपाशीही करतो. बहिणाबाईंना कुठला हॉल होता? अण्णा भाऊंना कुठली शाळा? रडणाऱ्यांना कारणं लागतात.

लाल_डफ

@सडेतोड, अण्णा भाऊंचं नाव काढलंत म्हणून लिहितो, नाहीतर वाचनमात्र असतो.

शाळा नव्हती हे खरं. बाकी काहीच नव्हतं हे खोटं. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यामागे कम्युनिस्ट पक्ष होता, गिरणी कामगारांची वस्ती होती, माटुंग्याचा लेबर कॅम्प होता. आज गाणं लिहिलं की उद्या ते सभेत हजारोंपुढे. दाद लगेच, शिवीही लगेच. सोबत ढोलकीवाला, डफवाला, कोरस. कुठल्या साहित्यिकाला इतकी यंत्रणा होती तेव्हा? त्यांची प्रतिभा मोठीच, पण 'एकटा माणूस चिरागनगरच्या झोपडीत बसून लिहीत होता' हे चित्र सोयीचं आहे. ते रंगवलं की वस्तीत वाचनालय, तालमीला खोली, यातलं काहीच द्यावं लागत नाही. माझे आजोबा गिरणीत होते, गिरण्या गेल्या तशा त्या मैदानांतल्या सभाही गेल्या. शाहीर आजही आहेत, मोबाइलवर गातात. खाली तीस लाइक.

मीनल_प

बहिणाबाईंचं मी सांगते. ओव्या त्यांनी जात्यावर, शेतात रचल्या हे सगळ्यांना पाठ आहे. लिहून घेतल्या मुलानं आणि त्याच्या मावसभावानं. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, त्याची आचार्य अत्र्यांशी ओळख. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या, मग सोपानदेवांना ते बाड सापडलं, त्यांनी अत्र्यांना दाखवलं आणि १९५२ साली पुस्तक आलं. म्हणजे प्रतिभा सबंध आयुष्यभर तिथेच होती, चुलीपाशी. घरात लिहिता येणारं माणूस होतं, आणि त्याची मुंबईत एका मोठ्या संपादकाशी ओळख होती, म्हणून आज तुम्ही त्यांचं उदाहरण देऊ शकता. शेजारच्या जात्यावर कोण होती? तिचा मुलगा कवी नव्हता, एवढंच.

सडेतोड

बरं बाई, हरलो. पण मग प्रत्येक घरात अत्रे पोचवणार का?

ओपीडी_नंतर

अत्रे नको, मोबाइलवर रेकॉर्ड करणारी एक नात पुरे.

तिसरी_घंटा

चर्चा छान चालली आहे, म्हणून एक प्रत्यक्षातली गोष्ट टाकतो. आम्ही ठाण्याच्या बाजूला एका शाळेशी बोलतोय. शाळा सुटल्यावर हॉल द्यायला मुख्याध्यापिका तयार आहेत, विश्वस्त मंडळ अडलंय. त्यांचा पहिला प्रश्न: "विषय काय असतात तुमच्या नाटकांचे?" दुसरा: "बेंच कोण लावणार?" दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. पहिल्यासाठी त्यांना परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र दाखवू म्हटलं, तर म्हणाले, आधी संहिता आम्हाला वाचायला द्या. म्हणजे सरकारचं परिनिरीक्षण एकदा आणि विश्वस्तांचं एकदा.

पेठेतला

द्या वाचायला. विश्वस्त तीन अंक वाचत नाहीत. पहिलं पान सात्त्विक ठेवा.

आव्वाज_कुणाचा

+१. आणि तिकीट न लावता 'सभासदांसाठी वाचन' म्हणून सुरुवात करा. वाचनाला कुणी घाबरत नाही. पाच-सहा वाचनं झाली की हातात पुस्तक ठेवून उभे राहायचं. मग हळूच पुस्तक खाली.

वडसाकर

शाळा मिळाली तर आमच्याकडचा एक लेखक पाठवतो. त्याच्याकडे सावकार नसलेलं नाटक आहे. पंधरा पात्रं आहेत मात्र.

तिसरी_घंटा

पंधरा! टेम्पो लागणार. पण पाठवा, पहिलं वाचन त्याचंच करू. शनिवारी संध्याकाळी सात ही वेळ बहुतेकांना जमेल असं वाटतं.

मीनल_प

शनिवारी दुपारी दोन ते पाच ठेवा. मुलीला घेऊन येईन, कोपऱ्यात बसेल चित्रं काढत. सात म्हणालात तर माझी पंधरावी भूमिका दुसऱ्या कुणाला द्या.